समुद्राचं पाणी, कुणाची जनुकं?

(पाली, मीरा-भाईंदर येथील स्मृती-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)



संयोजकांनी मला 'समुद्र आणि विज्ञान' एवढाच विषय दिला होता. बोंबील, घोळ, पापलेट यांच्याबद्दल पालीत येऊन बोलण्याइतका मी धीट नाही. त्यातलं तुमच्या घरच्या शाळकरी पोरालाही माझ्यापेक्षा जास्त कळतं. म्हणून मी समुद्राचा असा भाग निवडला, जो बोट हाकणाऱ्या तांडेलालाही दिसत नाही आणि सूक्ष्मदर्शकाशिवाय मलाही दिसत नाही.

समुद्राच्या एक मिलिलिटर पाण्यात, म्हणजे साधारण वीस थेंबांत, अंदाजे दहा लाख जिवाणू असतात. विषाणू त्याच्या दहापट. आपण घेतो त्या ऑक्सिजनचा जवळपास अर्धा वाटा समुद्रातल्या सूक्ष्म हिरव्या जीवांनी तयार केलेला असतो. मेलेला मासा कुजवणारे, नायट्रोजन हवेतून पाण्यात आणि पाण्यातून हवेत नेणारे, कोळंबीच्या पिल्लांच्या तोंडी लागणारं अन्न तयार करणारे सगळे हेच. इतकी मोठी वस्ती असून विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत तिची नीट शिरगणतीसुद्धा झाली नव्हती. जिवाणू ओळखण्याची जुनी रीत होती तो बशीत वाढवून पाहण्याची. समुद्रातल्या शंभरांतला एकसुद्धा जिवाणू अशा बशीत धड वाढत नाही. त्यांना प्रयोगशाळेतलं पौष्टिक खाणं सोसत नाही. स्टीफन जिओव्हानोनी यांच्या गटाला १९९० मध्ये सारगासो समुद्रात एका जिवाणूच्या जनुकाची खूण सापडली. समुद्राच्या वरच्या थरात तो पेशींच्या संख्येत पाव हिश्शापर्यंत भरतो, पण त्याला प्रयोगशाळेत जगवायला २००२ साल उजाडलं. त्यासाठी खाणं वाढवावं लागलं नाही, उलट समुद्राचंच पातळ पाणी त्याला द्यावं लागलं.

या अडचणीला फाटा दिला जनुकशास्त्राने. जीव वाढवायचाच नाही, त्याचं डीएनए वाचायचं. पाणी घ्यायचं, ते एकामागून एक बारीक होत जाणाऱ्या गाळण्यांतून काढायचं. शेवटच्या गाळणीची छिद्रं ०.१ मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरचा दहाहजारावा भाग. तिच्यावर पिवळट-तपकिरी डाग उरतो. तो डाग म्हणजे अब्जावधी जीव. गाळणी गोठवायची, किनाऱ्यावर पाठवायची, तिच्यावरचं सगळं डीएनए एकत्र काढून त्याचे तुकडे वाचायचे आणि कोणता तुकडा कोणाला जुळतो हे संगणकावर सोडायचं. हजारो जीवांचे तुकडे एकाच ढिगात असतात. त्यातून एखाद्याचा अख्खा जनुकसंच क्वचितच पुरा होतो, पण जनुकं मिळतात, आणि ती थोडीथोडकी नसतात.

अमेरिकेचे क्रेग व्हेंटर, ज्यांचं नाव मानवी जनुकसंचाच्या शर्यतीमुळे आपल्याला ठाऊक आहे, त्यांनी हे काम मोठ्या प्रमाणावर केलं. २००३ मध्ये 'सॉर्सरर टू' ही आपली यॉट घेऊन ते बर्म्युडाजवळच्या सारगासो समुद्रात गेले. तिथलं पाणी इतकं निर्धन मानलं जायचं की काही हाती लागेल अशी कुणाची अपेक्षा नव्हती. २००४ च्या शोधनिबंधात त्यांनी बारा लाखांहून अधिक नवी जनुकं आणि किमान १८०० प्रकारच्या जिवाणूंच्या खुणा जाहीर केल्या. मग तीच यॉट साधारण दर दोनशे सागरी मैलांवर थांबत, पाणी गाळत, पृथ्वीभोवती फिरली. २००७ मध्ये आलेल्या पहिल्या निष्कर्षांत साठ लाखांहून अधिक प्रथिनांची जनुकं होती. पुढे 'तारा' ही फ्रेंच नौका २००९ ते २०१३ जगभर हिंडली, अरबी समुद्रातूनही गेली, आणि तिच्या नमुन्यांतून चार कोटी जनुकांची यादी तयार झाली. त्यातली कितीतरी काय काम करतात हे कुणालाच सांगता येत नाही. वाचता आलं म्हणजे समजलं असं नव्हे, हे पुढे कृत्रिम जीवाकडे वळताना लक्षात ठेवा.

या सगळ्यात मला सर्वात आवडणारा धागा भाईंदरच्या मिठागरांतून जातो. तुम्ही लोकलने येता-जाता पाहिलं असेल, उन्हाळ्यात मीठ पिकत आलं की वाफ्यातलं पाणी गुलाबी-लाल दिसू लागतं. मीठ लावून ठेवलेल्या मासळीवर कधी कधी लालसर थर धरतो तोही त्यातलाच. हे रंग बुरशीचे नाहीत, खारट पाण्यातच जगणाऱ्या सूक्ष्मजीवांचे आहेत, आणि ते मिठाबरोबर मासळीत येतात. त्यातल्या काहींच्या कातडीत एक जांभळं प्रथिन असतं. ऊन पडलं की ते विजेसारखा भार पेशीबाहेर ढकलतं आणि त्यावर तो जीव जगतो. हिरवा रंग नाही, पान नाही, तरी उन्हावर जगणं. हे प्रथिन १९७१ मध्ये ओळखलं गेलं, आणि त्याची रचना उलगडण्यात ज्यांनी पुढे कित्येक वर्षं घालवली ते हरगोविंद खोराना. पंजाबातल्या खेड्यात जन्मलेले, १९६८ चे नोबेलचे मानकरी.

खोरानांनीच त्याआधी आणखी एक गोष्ट केली होती. १९७० मध्ये त्यांच्या गटाने सत्त्याहत्तर अक्षरांचं एक जनुक रसायनांपासून जोडून तयार केलं. १९७६ मध्ये त्यांनी बनवलेलं दुसरं एक जनुक जिवाणूच्या पेशीत गेलं आणि खरोखर कामाला लागलं. म्हणजे समुद्राच्या, मिठागराच्या जीवांची जनुकं वाचणं आणि जनुकं हाताने बनवणं, हे दोन्ही प्रवाह एकाच माणसाच्या आयुष्यात शेजारी वाहत होते. मिठागरातल्या जांभळ्या प्रथिनाचा भाऊबंद २००० मध्ये कॅलिफोर्नियाच्या समुद्रातल्या साध्या जिवाणूत सापडला, आणि व्हेंटर यांच्या सारगासोच्या पाण्यात तसल्या नव्या जनुकांची संख्या निघाली सातशेहून जास्त. उघड्या समुद्रातले असंख्य जिवाणू उन्हावर जोडधंदा करतात हे असं कळलं. त्याच घराण्यातलं, गोड्या पाण्यातल्या शेवाळाकडून घेतलेलं एक प्रकाशजनुक वापरून २०२१ मध्ये एका अंध माणसाला थोडी दृष्टी मिळाल्याचं जाहीर झालं.

आता कृत्रिम जीव. २० मे २०१० रोजी व्हेंटर यांच्या संस्थेने जाहीर केलं की त्यांनी कृत्रिम जनुकसंचावर चालणारी पेशी तयार केली आहे. शेळ्यांना आजारी पाडणारा 'मायकोप्लाझ्मा मायकॉइडिस' हा बारीकसा जिवाणू. त्याचा दहा लाख ऐंशी हजार अक्षरांचा जनुकसंच त्यांनी संगणकावर लिहून घेतला, त्याचे हजाराच्या आसपास अक्षरांचे तुकडे बाहेरून बनवून घेतले आणि ते यीस्टच्या पेशीत टप्प्याटप्प्याने, आधी दहा-दहा, मग शंभर, मग सगळे, जोडले. तयार झालेलं लांबलचक डीएनए जवळच्याच दुसऱ्या जातीच्या जिवाणूत घातलं. एका आवश्यक जनुकातलं एक, फक्त एक अक्षर चुकलं होतं म्हणून काम आठवड्यांमागून आठवडे अडलं. ते दुरुस्त झाल्यावर एका सकाळी बशीत निळा ठिपका उगवला. निळा, कारण तसा रंग धरणारं जनुक त्यांनी मुद्दाम आत घातलं होतं. त्याच डीएनएत त्यांनी शास्त्रज्ञांची नावंही सांकेतिक लिपीत खोदून ठेवली. मला हा थोडा पोरखेळ वाटतो, पण त्याचा एक फायदा असा की ही पेशी कुठे भटकलेली सापडली तर तिची ओळख पटेल.

जगभर मथळे आले : माणसाने जीव निर्माण केला. खरंच केला का? चालत्या बोटीवरचा तांडेल उतरवून त्याच्या जागी दुसरा चढवला, इतकं झालं होतं. इंजिन, सुकाणू, डिझेल, खलाशी, सगळं जुन्या पेशीचंच होतं. हां, एक मात्र खरं. नव्या तांडेलाने हळूहळू बोटीतला प्रत्येक सुटा भाग आपल्या पसंतीचा करून घेतला, कारण पेशी काय बनवते हे जनुकं ठरवतात. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना यात रस असेल म्हणून सांगतो, व्हॅटिकनच्या 'लॉसेर्व्हातोरे रोमानो' या वर्तमानपत्राने तेव्हा आरडाओरड केली नाही. काम उच्च दर्जाचं आहे, पण जीवन निर्माण झालेलं नाही, जीवनाचं एक इंजिन बदललं आहे, असा त्यांचा सूर होता. वैज्ञानिकांच्या भूमिकेपेक्षा ही भूमिका मला तेव्हा जास्त शास्त्रशुद्ध वाटली होती, हे कबूल करतो.

सहा वर्षांनी, २०१६ मध्ये, त्याच गटाने त्या जिवाणूतलं नको ते सगळं काढून टाकलं आणि जगण्यापुरती किमान ४७३ जनुकं असलेली पेशी बनवली. त्या ४७३ पैकी १४९ जनुकं नेमकं काय करतात हे त्यांना सांगता आलं नाही. म्हणजे त्यांनी स्वतः जोडलेल्या, सर्वात साध्या जिवाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाबद्दल ते अंधारात होते. आणि आता यात कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी संगणकाला जिवाणूभक्षक विषाणूंचे नवे जनुकसंच लिहायला सांगितले. सुमारे तीनशे लिहिलेले तपासले, त्यातले सोळा जिवंत निघाले आणि जिवाणू मारू लागले. कोणत्या कारणाने सोळा चालले आणि बाकीचे चालले नाहीत, हे अजून पुरतं उमगलेलं नाही.

या बाबतीतला वाद दोन पातळ्यांवर चालतो. पहिली पातळी : माणसाने देवाच्या कामात हात घालावा का? हा प्रश्न मी टाळत नाही, पण त्यावर मला तितकंसं बोलायचं नाही. भातशेतीपासून दह्यापर्यंत आपण निसर्गाला हजारो वर्षं वळवतोच आहोत. दुसरी पातळी जास्त ठोस आहे : निसटलं तर? समुद्र ही अशी जागा आहे जिथे एकदा सुटलेला सूक्ष्मजीव परत पकडता येत नाही. म्हणून माझं मत अगदी साधं आहे. प्रयोगशाळेतलं काम चालू राहावं, औषधांसाठी, इन्सुलिनसारख्या गोष्टींसाठी ते लागणारच. पण बदललेला किंवा बनवलेला जीव समुद्रात मोकळा सोडायला बंदी असावी, तेल खाण्यासाठी असो वा कार्बन शोषण्यासाठी. डिसेंबर २०२४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात अडतीस शास्त्रज्ञांनी मिळून इशारा दिला की आरशातल्या प्रतिमेसारखी उलटी रचना असलेला जीव मुळीच बनवू नये, कारण आपल्या शरीराला किंवा कुठल्या विषाणूला तो ओळखताच येणार नाही. हा इशारा देणाऱ्यांमध्ये असल्या जीवासाठी स्वतः काम केलेले संशोधकही होते, हे विशेष.

तेल खाणाऱ्या जिवाणूचं उदाहरण आपल्या किनाऱ्याशी जोडता येतं. आनंद चक्रवर्ती हे बंगाली शास्त्रज्ञ अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये होते. त्यांनी तेल पचवणारा जिवाणू तयार केला आणि १९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं की माणसाने बदललेल्या सजीवावर पेटंट देता येतं. सजीवावर मालकी सांगण्याचा रस्ता तिथून मोकळा झाला. पण तो जिवाणू कधी समुद्रात सोडलाच गेला नाही. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबईसमोर 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' या जहाजांची टक्कर झाली, शेकडो टन तेल वाहिलं, आठवडेच्या आठवडे लोकांनी मासे खायचं टाळलं, त्याचा फटका तुम्ही सोसलात. तेल खाण्याचं काम अखेर समुद्रात आधीपासून असलेल्या बिनपगारी जिवाणूंनीच केलं.

मला ज्याची जास्त चिंता वाटते तो वाद मथळ्यांत क्वचितच येतो. तो पैशाचा आणि हक्काचा आहे. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातल्या गरम झऱ्यातून टॉमस ब्रॉक यांनी एक जिवाणू गोळा केला. त्याच्या प्रथिनावर आधारित पीसीआर तंत्र पुढे जगभर पसरलं, कोविडच्या चाचण्या त्याच तंत्राच्या. त्या तंत्राचे हक्क १९९१ मध्ये ३० कोटी डॉलरला विकले गेले आणि उद्यानाच्या हाती काही पडलं नाही. समुद्राचंही असंच व्हायला लागलं आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत समुद्री जीवांच्या सुमारे तेरा हजार जनुकक्रमांवर पेटंटमध्ये दावा सांगितलेला आढळला आणि त्यातले ४७ टक्के एकट्या बीएएसएफ या जर्मन रसायन कंपनीच्या नावावर होते. निम्म्याहून किती तरी जास्त जनुकक्रम सूक्ष्मजीवांचे होते. व्हेंटर यांनाही २००६ मध्ये 'जैवचाचे' म्हणून टीकाकारांनी एक उपहासाचा पुरस्कार दिला. त्यांनी आपली सगळी माहिती खुल्या संग्रहात ठेवली होती, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. पण खुल्या संग्रहातली माहिती वापरण्याची यंत्रणा ज्याच्याकडे आहे, त्यालाच ती खरी खुली असते.

आपल्याकडे चित्र अगदीच रिकामं नाही. दोना पावला इथली राष्ट्रीय सागरविज्ञान संस्था १९६६ पासून काम करते. तिथल्या एस. डब्ल्यू. ए. नक्वी यांच्या गटाने २००० मध्ये दाखवलं की पावसाळ्याच्या उत्तरार्धात आणि त्यानंतर आपल्या पश्चिम किनाऱ्यालगत ऑक्सिजन नसलेलं पाणी वर येतं, मग जिवाणू नायट्रेटवर श्वास घेऊ लागतात आणि नायट्रस ऑक्साइड हा उष्णता धरणारा वायू बाहेर पडतो. जोकिम गोस आणि हेल्गा गोमेस या मूळच्या गोव्यातल्या शास्त्रज्ञ दांपत्याने २०१४ मध्ये असंही दाखवलं की ऑक्सिजन घटत गेल्याने अरबी समुद्रात नॉक्टिलुका नावाचा हिरवा एकपेशीय जीव माजतो आहे. रात्री जाळं ओढताना पाणी निळं चमकतं, तो हाच. छान दिसतो खरा, पण तो मासळीच्या उपयोगी पडत नाही, जेलीफिशसारख्यांच्या पथ्यावर पडतो. मार्च २०२१ मध्ये 'सिंधु साधना' हे त्याच संस्थेचं जहाज विशाखापट्टणमहून निघालं. सुमारे नव्वद दिवस, दहा हजार सागरी मैल, हिंदी महासागरातल्या सूक्ष्मजीवांची जनुकं आणि पाण्यातले धातू यांची नोंद करत. खर्च सुमारे २५ कोटी रुपये. पुण्याला राष्ट्रीय सूक्ष्मजीव संग्रहात जिवाणू जपून ठेवण्याची आंतरराष्ट्रीय मान्यतेची सोय आहे. म्हणजे हे काम आपल्या हातचं आहे.

कायदाही आपल्या बाजूने आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यात 'जैविक संसाधन' म्हणजे वनस्पती, प्राणी आणि सूक्ष्मजीव, असं स्पष्ट लिहिलं आहे. परदेशी माणसाला किंवा कंपनीला ते न्यायचं असेल तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते. आणि प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, आपल्या हद्दीतल्या संसाधनाबद्दल निर्णय घेताना तिच्याशी सल्लामसलत करणं प्राधिकरणाला आणि राज्याच्या मंडळाला बंधनकारक आहे. अडचण अशी की आज पाणी न्यायची गरजच उरलेली नाही, त्यातली अक्षरं ईमेलने जातात. अशा माहितीवर कमावणाऱ्या कंपन्यांनी नफ्याचा किंवा उलाढालीचा थोडा हिस्सा द्यावा, त्यातला निम्मा स्थानिक लोकांकडे जावा, यासाठी फेब्रुवारी २०२५ मध्ये 'काली निधी' स्थापन झाला. कंपन्या स्वेच्छेने भरतील असं गृहीत धरलं आहे, म्हणून मी त्याबद्दल फार हुरळून जात नाही. कुठल्याही देशाच्या हद्दीबाहेरच्या समुद्रातल्या जनुकांबद्दलचा करार संयुक्त राष्ट्रसंघात जून २०२३ मध्ये झाला. भारताने त्यावर सप्टेंबर २०२४ मध्ये सही केली.

तुम्ही म्हणाल, पालीच्या आम्हा लोकांनी या जागतिक भानगडीत काय करायचं? तुमच्या नगराच्या जैवविविधता समितीला लोक जैवविविधता नोंदवही ठेवावी लागते. तिच्यात बहुधा झाडं, पक्षी, मासळी असते. सूक्ष्मजीवांचं पान मी आजवर पाहिलेल्या नोंदवह्यांत फारसं पाहिलेलं नाही. ते पान उघडा. पावसाळ्यानंतर पाणी कधी हिरवं झालं, कोणत्या महिन्यात रात्री चमकलं, कधी मासळी मरून वर आली, मिठागरात लाली कधी धरली, हे तुम्हाला जितकं ठाऊक आहे तितकं दोना पावलाच्या संस्थेलाही नसेल. तेच लिहायचं. आणि जेटीवर येऊन बाटल्या भरणारा कुणी दिसला तर त्याला हाकलू नका, उलट चहा पाजा. पण नाव, संस्था, तारीख, किती पाणी घेतलं, माहिती कुठे ठेवणार आणि निष्कर्ष मराठीत आम्हाला कधी सांगणार, एवढं त्याच्याकडून लिहून सही घेऊन ठेवा. समितीची पुढची सभा कधी आहे ते महापालिकेत विचारा, आणि चौक, पाली, उत्तनमधून दोघं-तिघं तिथे जाऊन बसा.